जांघेतली गाठ : दिसणारी आणि लपणारी

बडोद्याच्या खंडेराव मार्केटची पुढची बाजू पाहिली तर हा भाजीबाजार आहे असे नवख्याला वाटणार नाही. कमानींची, एखाद्या वाड्याला शोभेल अशी ती इमारत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली खंडेराव महाराजांच्या नावे बांधली आणि नगरपालिकेला दिली. आजही तेथे महानगरपालिकेची कचेरी आहे. शेतकऱ्याला मात्र मार्केट म्हटले की मागची बाजू आठवते. भाजीच्या पाट्या, फुलांचे ढीग, गोणी, हातगाड्या (बडोद्याची मराठी माणसेसुद्धा त्यांना लारीच म्हणतात) आणि डोक्यावर, पाठीवर ओझे घेऊन वाट काढणारी माणसे.

अशा कोणत्याही बाजारात तासभर उभे राहावे. गोणी उतरवताना एक हात जांघेकडे नेणारा एखादा गडी दिसतोच. खोकला आला की तो जांघ दाबून धरतो. विचारले तर म्हणतो, "काही नाही, जरा गोळा उतरतो. निजलो की आपोआप आत जातो." शेजारी पाटी पुढ्यात घेऊन बसलेली बाई मात्र असे काही सांगत नाही. तिला गोळा असला तरी तो लुगड्याआड असतो, आणि पुरुष डॉक्टरला तो दाखवायचा म्हणजे संकोच.

हा येणारा-जाणारा गोळा म्हणजे बहुतेक वेळा हर्निया. जुने लोक त्याला अंतर्गळ म्हणत, म्हणजे आतले बाहेर गळणे. नाव अगदी नेमके आहे. आपल्या पोटाची भिंत म्हणजे स्नायूंचा बांध समजा. बांध सगळीकडे सारखा पक्का नसतो. जेथून पाट काढलेला असतो तेथे तो मुळातच कच्चा राहतो. पुरुषाच्या जांघेत अंडकोशाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिन्या भिंतीतून बाहेर पडतात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्या थोड्या खालून जातात. या वाटा देवाघरून मिळालेल्या आहेत, त्या बुजवता येत नाहीत. पोटात दाब वाढला, मग तो जुन्या खोकल्याने असो, शौचाला कुंथल्याने असो, म्हातारपणी लघवीला जोर करावा लागल्याने असो, की त्या वाटेने पोटातली चरबी किंवा आतड्याचे वेटोळे बाहेर डोकावते. ओझ्यानेच हर्निया होतो ही समजूत अर्धी खरी आहे. कच्ची जागा पुष्कळदा जन्मापासून असते, ओझे ती उघडकीस आणते. म्हणून जन्मभर गोणी वाहिलेल्या एखाद्याला काही होत नाही आणि शाळामास्तरला होतो.

नेहमीच्या हर्नियाला कसला फोटो लागत नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. डॉक्टर रोग्याला उभे करतात, खोकायला लावतात, बोटांना खोकल्याचा धक्का लागतो आणि निजल्यावर गाठ आत जाते. निदान झाले. अशा रोग्याला सोनोग्राफी, वर सीटी स्कॅन, वर आणखी काही असे लिहून देणे म्हणजे गरिबाच्या खिशाला विनाकारण भोक पाडणे. हर्नियाच्या तज्ज्ञांनी २०१८ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हेच म्हटले आहे : गाठ स्पष्ट असेल तर हाताची तपासणी पुरे, शंका असेल तर सोनोग्राफी, आणि तरीही शंका उरली तर एम.आर.आय. किंवा सीटी.

पण काही हर्निया असे असतात की ते हाताला लागत नाहीत. लागले तरी ते काय आहे हे हाताला कळत नाही. या लेखात त्यांच्याविषयीच लिहायचे आहे, कारण माणूस दगावतो तो बहुधा अशाच हर्नियाने.

त्यांतला पहिला बायकांचा. जांघेच्या घडीत कमरेच्या हाडापासून पुढच्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा गेलेला आहे. नेहमीचा हर्निया त्याच्या वर येतो. दुसरा एक प्रकार पट्ट्याच्या खाली, मांडीच्या वरच्या टोकाला, पायाच्या मोठ्या शिरेला लागून येतो. त्याला डॉक्टर लोक फीमोरल हर्निया म्हणतात, आपण मांडीचा हर्निया म्हणू. हा पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, त्यातही उतारवयात. गाठ लहान असते, कधी सुपारीएवढी, आणि निजल्यावर आत जाईलच असे नाही. त्यामुळे "बेंड आले आहे" किंवा "अवधाण आले आहे" असे म्हणून तीवर लेप लावले जातात. बाई जरा अंगाने भरलेली असली तर गाठ दिसतही नाही.

ही गाठ लहान असते म्हणून ती निरुपद्रवी समजू नये. उलट जितकी वाट अरुंद तितका फास घट्ट. इंग्लंडमधील सर्जनांनी १९९१ साली आपल्या रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. जांघेच्या नेहमीच्या हर्नियात, तो दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत आतडे अडकून पीळ बसण्याचा संभव शंभरात तीनहून कमी होता. मांडीच्या हर्नियात तोच संभव तीन महिन्यांत शंभरात बावीस आणि एकवीस महिन्यांत शंभरात पंचेचाळीस निघाला. म्हणजे पुरुषाने आपल्या ओळखीच्या गोळ्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पीक निघेपर्यंत थांबणे एक वेळ समजू शकते. बाईच्या मांडीतल्या गाठीला थांबायला वेळ नसतो.

येथे सोनोग्राफी कामाला येते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, केवळ आवाजाच्या लहरी असतात. त्या आपल्या कानाला ऐकू येत नाहीत, शरीरातून परत येतात आणि त्यांचे पडद्यावर चित्र उमटते. जांघ तपासणारा डॉक्टर प्रथम खुणेच्या जागा शोधतो. पोटाच्या भिंतीतून वर चढणारी एक बारीक रक्तवाहिनी आहे. हर्निया तिच्या बाहेरच्या अंगाने येतो की आतल्या अंगाने, यावरून त्याची जात ठरते. मग तो पट्ट्याखाली मांडीच्या मोठ्या शिरेकडे येतो आणि म्हणतो, "कुंथा." निरोगी माणसात कुंथल्यावर ती शीर फुगते. मांडीचा हर्निया असेल तर शिरेच्या आतल्या बाजूने काहीतरी सरकत खाली येताना दिसते आणि शिरेला दाबते. साध्या फोटोत आणि यात हाच मोठा फरक आहे. फोटो स्थिर असतो, सोनोग्राफीत गाठ येताना आणि जाताना पाहता येते. म्हणून जांघेची सोनोग्राफी करताना ज्याने तुम्हाला खोकायला, कुंथायला, उभे राहायला सांगितलेच नाही, त्याने अर्धेच काम केले असे समजायला हरकत नाही.

दुसरा लपणारा हर्निया याहून अवघड. इंग्रज डॉक्टरांत त्याला किडकिडीत म्हातारीचा हर्निया असे म्हणण्याची रीत आहे. नाव थट्टेचे वाटते, रोग थट्टेचा नाही. आपल्या कटीच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक मोठे भोक आहे. ते पडद्याने झाकलेले असते, पण वरच्या कोपऱ्यात एक नस आणि रक्तवाहिन्या मांडीकडे जाण्यापुरती वाट उघडी राहते. एरवी ती चरबीने भरलेली असते. वय झाले, अंग वाळले, पुष्कळ बाळंतपणे झालेली असली की ती चरबी जाते आणि वाट मोकळी होते. तीत आतड्याचे एखादे वेटोळे शिरले म्हणजे हा ऑब्ट्युरेटर हर्निया. सर्व हर्नियांत शंभरात एकही नाही इतका तो विरळ आहे. उजव्या बाजूला अधिक आढळतो, कारण डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा एक भाग त्या भोकावर आडवा पडलेला असतो.

त्याची गंमत नव्हे, पण विचित्र गोष्ट अशी की बाहेर गाठ दिसतच नाही. ती मांडीच्या स्नायूंच्या खाली दडलेली असते. मग म्हातारी काय सांगते? ती सांगते की मांडीच्या आतल्या अंगाने गुडघ्यापर्यंत कळ जाते. घरचे म्हणतात वात आहे, तेल चोळा. कधी पोट फुगते, दोन वांत्या होतात, आपोआप थांबतात. घरचे म्हणतात शिळे खाल्ले. पुन्हा महिन्याने तेच. समजा, ही आपल्याच घरातली आजी आहे. ती अंथरुणावर पाय पोटाशी घेऊन पडून राहते, कारण पाय दुमडला की बरे वाटते. पाय सरळ केला, बाहेर फाकवला किंवा आतल्या बाजूला वळवला की ती ओरडते. त्या वाटेत शिरलेले आतडे तेथल्या नसेला चिमटा काढते आणि ती नस मांडीच्या आतल्या अंगाला जाते, म्हणून कळ गुडघ्याकडे. ही खूण लंडनचे हाउशिप आणि जर्मनीतले रोम्बर्ग या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात नोंदली, आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे. परंतु ती प्रत्येक रोग्यात सापडत नाही, आणि सापडली तरी संधिवाताच्या गर्दीत हरवते.

पूर्वी हा रोग ओळखला जाई तो पोट फाडल्यावर. आतडे का अडकले म्हणून सर्जन शोधत जाई आणि कटीच्या भोकात ते रुतलेले सापडे. तोवर पुष्कळदा ते काळे पडलेले असे. अशा वयात, अशा अशक्त देहात, एवढा उशीर म्हणजे काय ते सांगायला नको. सीटी स्कॅनने हे बदलले. या यंत्रात क्ष-किरणांची नळी माणसाभोवती फिरते आणि संगणक शरीराच्या आडव्या चकत्यांसारखी चित्रे जुळवतो. मुळ्याच्या चकत्या कापून प्रत्येक चकतीत कीड कोठवर गेली आहे हे पाहावे, तसे. इंग्लंडचे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनजवळच्या इस्पितळात पहिल्या रोग्याचे डोके तपासले आणि १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पोटाच्या साध्या क्ष-किरण फोटोत फुगलेली आतडी दिसतात, म्हणजे कोठेतरी अडथळा आहे एवढे कळते. सीटीत कोठे ते कळते. मांडीच्या वरच्या दोन स्नायूंच्या मध्ये, जेथे आतड्याचे काही काम नाही, तेथे एक छोटे गोल वेटोळे बसलेले दिसते. शिकलेल्या डोळ्याला ते चुकत नाही. अट एकच, चित्रे कटीच्या तळापर्यंत, मांडीच्या सुरुवातीपर्यंत घेतलेली हवीत.

म्हणून वाळलेल्या अंगाच्या म्हाताऱ्या बाईला वारंवार पोट फुगून वांत्या होत असतील, पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेली नसेल, आणि मांडीत कळ जात असेल, तर डॉक्टरांना या तीनही गोष्टी एका दमात सांगाव्यात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दवाखान्यांत सांगितल्या तर गुडघ्याचा डॉक्टर गुडघा पाहील आणि पोटाचा पोट. दोष त्यांचाही नाही.

तिसरी फसवणूक वेगळ्या प्रकारची. गाठ दिसते, हर्निया आहे हेही कळते, पण आत काय आहे ते कळत नाही. येथे एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. ६ डिसेंबर १७३५ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळात क्लॉडियस अम्यांड या सर्जनाने अकरा वर्षांच्या एका मुलावर शस्त्रक्रिया केली. मुलाला लहानपणापासून हर्निया होता आणि मांडीत एक वाहती जखम होती, ती काही केल्या भरेना. अम्यांडने गाठ उघडली तर आत अपेंडिक्स. आणि अपेंडिक्समध्ये काय? मुलाने केव्हातरी गिळलेली टाचणी, तिच्यावर खड्यासारखा थर चढलेला, आणि तिने अपेंडिक्सला भोक पाडलेले. भूल देण्याची विद्या तेव्हा निघायची होती. जवळजवळ अर्धा तास त्या पोराने ते सोसले आणि तो बरा झाला. अपेंडिक्स यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद समजली जाते, आणि ज्या हर्नियात अपेंडिक्स सापडते त्याला अजून अम्यांडचा हर्निया म्हणतात. मांडीच्या हर्नियात ते सापडले तर त्याला गारान्जो या फ्रेंच सर्जनाचे नाव, कारण त्याने ते चार वर्षे आधी, १७३१ साली लिहून ठेवले होते.

अम्यांडला आत काय आहे हे चिरल्यावरच कळले. आज त्या मुलाला सीटीत घातले असते तर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून निघालेली, एका टोकाला बंद अशी बारीक नळी हर्नियाच्या पिशवीत शिरलेली दिसली असती, आणि टाचणी तर लखलखीत. याचा उपयोग काय? उपयोग असा की अपेंडिक्स सुजलेले असेल, पू झाला असेल, तर सर्जन तेथे जाळी बसवायचे बहुधा टाळतो, कारण पुवात जाळी टिकत नाही. चिरण्यापूर्वी हे कळले तर बेत आधी ठरतो. तसेच मूत्राशयाचे. म्हाताऱ्या पुरुषाचा मोठा हर्निया असेल आणि तो सांगत असेल की लघवी करून झाली तरी गाठ दाबल्यावर पुन्हा होते, तर त्या पिशवीत मूत्राशयाचा भाग उतरलेला असण्याचा संभव आहे. ही तक्रार लाजेने पोटात ठेवू नये. आधी चित्र काढले तर शस्त्रक्रियेत मूत्राशयाला कात्री लागण्याचे टळते.

तान्ह्या मुलींच्या जांघेत गाठ दिसली तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्या पिशवीत पुष्कळदा आतडे नसून बीजकोश असतो. घरच्या अनुभवी बाया अशी गाठ दाबून आत सारू पाहतात. तसे करू नये. सोनोग्राफीत बीजकोश ओळखू येतो, बाळाला क्ष-किरण लागत नाहीत, आणि मुलांच्या सर्जनाकडे त्याच आठवड्यात न्यावे. गाठ लाल झाली, बाळ सारखे रडू लागले तर त्याच दिवशी.

आणि एक प्रकार असा की ज्यात आतड्याचे पुरते वेटोळे अडकत नाही, केवळ एका बाजूची भिंत चिमटीत सापडते. जर्मन सर्जन रिक्टर याच्या नावाने तो ओळखतात. यात शौचाला होत राहते, वारा सरतो. त्यामुळे रोगी आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त राहतात, आणि आत ती चिमटीतली भिंत सडत असते. "शौचाला झाले ना, मग हर्निया अडकलेला नाही" हा हिशेब म्हणून नेहमी खरा ठरत नाही.

आतापर्यंत हर्निया असून न दिसणाऱ्यांविषयी झाले. उलटही असते. गाठ दिसते आणि हर्निया नसतो. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. हत्तीरोगाच्या मुलखात अंडकोशात पाणी भरते. पायाच्या शिरा फुगणाऱ्याची शीर जांघेशी फुगून गाठीसारखी दिसते आणि ती खोकल्यावर हर्नियासारखीच थरथरते. गरोदर बाईच्या जांघेत पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर जी मऊ गाठ येते, ती पुष्कळदा गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधातल्या फुगलेल्या शिरांची असते. रंगीत सोनोग्राफीत, म्हणजे डॉप्लरमध्ये, त्या शिरांतले रक्त वाहताना दिसते, शस्त्रक्रिया लागत नाही आणि बाळंतपणानंतर ती बहुधा ओसरते. पाळीच्या दिवसांत दुखणारी आणि वाढणारी जांघेतली गाठ हा आणखी निराळा आजार आहे, तो बाईने दिवसांचा हिशेब सांगितला तरच कोणाच्या लक्षात येतो.

या सगळ्यांत मला एकाची भीती वाटते. पाठीच्या मणक्याला क्षय झाला तर त्याचा पू मणक्यापासून स्नायूच्या आवरणातून खाली घरंगळत जांघेत येतो. गाठ मऊ, न दुखणारी, गरम न लागणारी. खेड्यापाड्यांतून बेंड म्हणून ती चिरली जाते आणि मग महिनोन्महिने वाहत राहते. क्षय आपल्या देशातून अजून गेलेला नाही. अशा रोग्याला पाठदुखी असते, पण जांघेच्या गाठीसाठी आलेला माणूस पाठीविषयी कशाला बोलेल? सोनोग्राफीत हा पू दिसतो, एम.आर.आय.मध्ये मणक्यापर्यंतचा त्याचा माग काढता येतो. उपचार औषधांनी होतो, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात.

आता यंत्राच्या मर्यादा. "फोटो चांगला आला" म्हणून रोगी घरी येतो आणि दुखणे तसेच असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सीटी करताना माणूस पाठीवर निजलेला असतो, आणि निजल्यावर आत जाणारा हर्निया तेव्हा आत गेलेला असतो. चित्र खोटे नसते, वेळ चुकीची असते. सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. म्हणून गाठीची तक्रार खरी असेल तर एका कोऱ्या रिपोर्टवर विसंबू नये, पुन्हा दाखवावे. दुसऱ्या बाजूने, सोनोग्राफीत जांघेच्या वाटेत चरबीचा किंचित थर सरकताना दिसला की "हर्निया" असे लिहिले जाते. ज्याला गाठ नाही, दुखणे नाही, त्याने एवढ्या शब्दासाठी टेबलावर चढायची घाई करू नये. कागदावरचा हर्निया आणि माणसाचा हर्निया यांची गाठ सर्जनाच्या बोटांनीच घालून द्यायची असते.

सीटीत क्ष-किरण असतात, म्हणून गरोदरपण असेल तर ते आधी सांगावे. शिरेतून रंग देतात, म्हणून मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर उठलेल्या गांधी, हेही सांगावे. आणि गाठ कडक झाली, आत जाईना, तिच्यावरची कातडी लाल झाली, वांत्या सुरू झाल्या, तर फोटोच्या रांगेत बसायचे नाही. थेट शस्त्रक्रिया होणारे इस्पितळ गाठायचे. काही खायचे-प्यायचे नाही, गाठ जबरीने दाबायची नाही, पट्टा बांधायचा नाही. बडोद्याच्या बाजारात असाल तर बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेले सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल तेथून फार लांब नाही, रिक्षावाल्याला नुसते एस.एस.जी. म्हटले तरी पुरते.

खर्चाच्या भीतीनेही पुष्कळ जण गाठ लपवतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट. हर्नियात बसवायची जाळी महाग म्हणून धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड कापून, धुऊन, निर्जंतुक करून ते वापरले, आणि देशातल्या इतर ग्रामीण सर्जनांसह त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पुढे आफ्रिकेत, युगांडामध्ये, अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले, आणि एका वर्षानंतर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आज आयुष्मान कार्डावरही हर्नियाची शस्त्रक्रिया होते. ज्या इस्पितळात जायचे तेथे ते चालते का, आणि आधीच्या तपासण्या त्यात धरतात का, एवढे विचारून ठेवावे.

राहिली तपासणीची वेळ. आपल्या लोकांना वाटते की सोनोग्राफी म्हणजे सकाळी उपाशीपोटी. पित्ताशय पाहायचे असेल तर ते खरे आहे, जांघेसाठी साधारणपणे उपाशी राहावे लागत नाही. आणि सकाळी, रातभर निजून उठलेल्या माणसाची गाठ बहुधा आत गेलेली असते. ती बाहेर येते कामाच्या शेवटी. तेव्हा सोनोग्राफीवाल्याकडे दुपारची वेळ मागून घ्यावी. पाट्या उतरवून झाल्यावर, गाठ बाहेर असताना, त्याच पायी जावे. गाठ कोठे येते त्या जागी घरूनच पेनाने खूण करून न्यावी, आणि टेबलावर निजण्यापूर्वी सांगावे, "आधी उभ्याने बघा."